पाच मिनिटं पुढचं घड्याळ

७ जानेवारी

वही जुनी आहे. पुढच्या पानांवर माझ्या शिकाऊ लोकांच्या चुका लिहिल्यात. कोण क्लच सोडताना झोपतो, कोण आरशात फक्त स्वतःचे केस बघतो. उरलेली पानं आता बारकीसाठी. पोरगी चौदा वर्षांची झाली, माझ्या कानाला लागली, तरी घरात बारकीच.

काल तलावावर स्पर्धा होती. शंभर मीटर बटरफ्लायमध्ये बारकी दुसरी आली. पहिली आली शिडी. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते या वहीत लिहायची माझी इच्छा नाही. तिचे हातपाय बघितले की शिडीच आठवते. फरक अडतीस शतांश सेकंदांचा. तेवढ्या वेळात माणसाची पापणीसुद्धा धड मिटत नाही.

बारकी कुठे हरली ते मी सांगतो. शर्यतीत नाही, शर्यतीआधीच्या वॉर्मअपमध्ये. आठ लेन आणि दोनशे पोरं, म्हणजे एकेका लेनमध्ये पंचवीस. नियम असे की उतरताना आधी पाय पाण्यात टाकायचे, सूर मारायचा नाही. उजव्या दोरीच्या कडेने जायचं, उजव्याच कडेने परत यायचं. दमलात तर भिंतीशी मधोमध उभं राहायचं नाही, कोपऱ्यात सरकायचं. पुढच्याला मागे टाकायचं असेल तर त्याच्या पायाला हलकं बोट लावायचं, मग तो पुढच्या भिंतीशी कोपऱ्यात थांबून वाट देतो. नियम उत्तम आहेत. रस्त्याचेही उत्तमच असतात. पण वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. नियम पाळणारा चौकात उभा असतो तेव्हा बाकीचे घरी जाऊन हात धुऊन पानावर बसलेले असतात.

बारकी दर फेरीला कोपऱ्यात थांबत होती. तू जा, तू जा. मी गॅलरीतून मोजलं. एकोणीस जणांना वाट दिली तिने, त्यात शिडीला दोनदा.

गाडीत विचारलं, "तू पोहायला गेली होतीस की दारात उभं राहून लोकांना या-बसा करायला?"

"गर्दी होती, बाबा."

"मग?"

"मग काय? थांबले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती घर येईपर्यंत खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी काढत बसली होती.

९ जानेवारी

तिच्या कोच मॅडमनी आज निवडीचं सांगितलं. मार्चमध्ये दोन निवड स्पर्धा आहेत. दोन्हींतली जी चांगली वेळ असेल ती धरणार आणि बटरफ्लायसाठी आपल्या भागातून शिबिराला एकच मुलगी जाणार. पुढच्या वर्षी बारकीचा वयोगट बदलतो, तिथे सतरा वर्षांच्या दांडग्या पोरी असतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बारकीला विचारलंत का, तिला जायचंय का?" असले प्रश्न ज्यांना सुचतात त्यांची पोरं पोहत नाहीत, डुंबतात.

उद्यापासून पाचला उठायचं. माझं मनगटावरचं घड्याळ मी पाच मिनिटं पुढे ठेवतो. लग्नाआधीपासूनची सवय आहे. घरात सगळ्यांना पाठ आहे. बायको विचारते, "तुमचे सात का जगाचे सात?" करू दे चेष्टा. आजवर मला कुठेही उशीर झालेला नाही.

२१ जानेवारी

मॅडम पोरींना शिकवतात की गर्दीच्या लेनमध्ये बटरफ्लाय एकाच हाताने मारा. दुसरा हात पुढे ताणून ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्याला लागत नाही. बारकी अगदी तसंच करते. मी आज तिला सांगितलं, दोन्ही हात, पूर्ण पसरून. आपोआप वाट होते.

"आणि कुणाला लागलं तर?"

"तर तो शिकेल."

मी तिला माझ्या गाडीतलं उदाहरण दिलं. माझ्या बाजूलाही पायाशी एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस जरा निवांत झाला, शीळ घालायला लागला, की मी तो न सांगता दाबतो. गाडी गचकन थांबते. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. कपाळाला घाम फुटतो आणि त्या दिवसापासून स्वारी सरळ चालवायला लागते. परवा माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका रिटायर मास्तरांना दोनदा तसं थांबवलं. म्हातारा माझीच माफी मागत होता.

बारकीला यात हसू आलं नाही. हल्ली तिला कशाचंच हसू येत नाही. वय असतं ते.

४ फेब्रुवारी

छोटी सराव स्पर्धा होती. बारकीने माझं ऐकलं. वॉर्मअपच्या पहिल्या दोन फेऱ्या दोन्ही हातांनी मारल्या आणि लेनमधली पोरं दोरीला चिकटली. मी गॅलरीत उभा राहून टाळी वाजवली.

तिसऱ्या फेरीत तिचा हात एका लहान मुलीच्या तोंडावर बसला. पिवळ्या टोपीवाली, आठेक वर्षांची असेल. पुढचा दात अर्धा तुटला, दुधाचा नाही, पक्का. रक्त फार नव्हतं, पण पाण्यात थोडंसंही खूप दिसतं. सगळ्यांना बाहेर काढलं. लेन एका मिनिटात रिकामी झाली. सकाळपासून लेन रिकामी हवी म्हणून जीव टाकत होतो, ती मिळाली तेव्हा आमचीच पोरगी काठावर गुडघ्यांत डोकं घालून बसलेली.

मी मॅडमना सांगितलं की ती छोटी मधोमध उभी होती.

बारकी म्हणाली, "नाही. ती कोपऱ्यात होती. मीच कोपऱ्यात गेले."

चारचौघांत तोंडावर पाडलं पोरीने मला. शर्यतीत पाचवी आली. शिडी पहिली.

६ फेब्रुवारी

बारकीने त्या पिवळ्या टोपीला पत्र लिहिलंय. दोन पानं, वर दाताचं चित्र, दाताला हातपाय काढलेत. खाली लिहिलंय, 'चूक पूर्ण माझी होती.'

गाडी शिकवताना पहिल्या दिवशी मी जे सांगतो ते हिला चौदा वर्षांत कळलं नाही. टक्कर झाली की आधी बोलायचं नाही आणि चूक तर मुळीच कबूल करायची नाही. पण समजावत बसलो असतो तर रडारड झाली असती. म्हटलं, "दे, मी पोचवतो." पत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं, गाडीच्या कागदांखाली. तिथे बरं आहे ते.

संध्याकाळी दोनदा विचारलं तिने, "दिलंत?" दिलं म्हणालो. केवढी आनंदली. जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

१५ फेब्रुवारी

त्या दातामुळे आयोजकांना जाग आली. आता प्रत्येक स्पर्धेच्या वॉर्मअपला पालकांतून मार्शल नेमणार आहेत. मॅडमनी विचारलं, कोण तयार आहे? सगळे आपापल्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले. मी हात वर केला. वाहतूक हा माझा धंदाच आहे.

आज दोन तासांचं प्रशिक्षण झालं. नारिंगी जॅकेट, शिट्टी आणि एक पाटी मिळाली. पहिली लेन माझ्याकडे. वॉर्मअपच्या शेवटी पंधरा मिनिटं, साडेसात ते पावणेआठ, ही लेन उडीसाठी मोकळी असते. पोरं काठावरच्या उंच ब्लॉकवरून सूर मारतात, एकाच दिशेने जातात, पलीकडे बाहेर पडतात. पावणेआठला मार्शलने तीन शिट्ट्या द्यायच्या आणि पाटी फिरवायची. एका बाजूला 'उडी चालू', दुसऱ्या बाजूला 'उडी बंद'. बंद झाल्यावर इतर लेनमधली दमलेली पोरं सावकाश हातपाय सोडायला तिथे येतात. म्हणून बंद लेनमध्ये जो सूर मारेल तो त्या दिवशीच्या शर्यतीतून बाद. कारण वरून पडणाऱ्याला खाली कोण आहे ते दिसत नाही आणि खालच्याला वरून कोण येतंय ते.

मुख्य पंच म्हणजे एक पांढऱ्या मिशांचे शांत गृहस्थ. ते म्हणाले, "तंटा नको. मार्शलचा शब्द अखेरचा."

मला हे वाक्य फार आवडलं.

पाटीच्या दोन्ही बाजू पांढऱ्या आणि अक्षरं काळी, हा मात्र मूर्खपणा. मी सुचवलं, बंदची बाजू लाल रंगवून आणतो. माझ्याकडे गॅरेजमध्ये अर्धा डबा लाल रंग पडलाय. पंचांनी माझी पाठ थोपटली.

२४ फेब्रुवारी

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आज घरी आल्या आल्या म्हणाली, "तुमची शिडी आली होती हो, आईबरोबर. काय गोड मुलगी आहे! साडेसहा नंबर आहे तिला. पोहायचा नंबरचा गॉगल फुटलाय, दुसरा करायला टाकला."

"कधी मिळणार?"

"तीन आठवडे तरी लागतील, ते बाहेरून बनून येतात. तोवर साध्या गॉगलवर पोहेन म्हणाली. दोन हातांवरचं माणूससुद्धा धूसर दिसत असणार तिला."

पहिली निवड स्पर्धा ९ मार्चला आहे. मी बोटांवर मोजलं. दोन आठवडे.

बायको म्हणाली, "उद्या फोन करून जरा घाई करायला सांगते."

"एकीसाठी कशाला? रांगेतल्या बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

"तुम्ही आणि तुमची रांग," म्हणत ती आत गेली.

पाटी रंगवायची राहिलीच आहे. बघू, वेळ मिळाला तर.

८ मार्च

वेळ मिळाला नाही. रंगाचा डबा उघडून बघितला, वर साय धरली होती. ढवळलं असतं तर चालला असता. झाकण लावून ठेवून दिला.

९ मार्च

पहिली निवड स्पर्धा झाली. घडलं ते सगळं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी काही म्हटलं तर नोंद असावी.

वॉर्मअप सात वाजता सुरू झाला. माझ्या लेनमध्ये शिस्त अशी होती की मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, "वा." साडेसातला मी पाटीची 'उडी चालू' बाजू पुढे केली. पोरींची रांग लागली. शिडी दोनदा उडी मारून गेली, तिसऱ्यांदा रांगेत आली. तिच्या मागे बारकी. दोघी बोलत होत्या. शिडी डोळे बारीक करून काहीतरी विचारत होती आणि बारकी तिच्या गॉगलचा पट्टा मागून घट्ट करून देत होती. स्वतःच्या शर्यतीच्या दिवशी! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझ्या घड्याळात पावणेआठ झाले. मी पाटी फिरवली.

तीन शिट्ट्या दिल्या की नाही ते आठवत नाही. दिल्या असणार. तलावावर गोंगाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिडी ब्लॉकवर चढली, वाकली. बारकीने "अगं, थांब," म्हणून हात पुढे केला, तोवर ती हवेत होती.

मग मी शिट्टी वाजवली. ती मात्र सगळ्यांना ऐकू आली.

शिडी बाहेर आली. "काका, पाटी फिरलेली मला दिसली नाही."

"दिसत नाही तर विचारायचं. रस्त्यावरही असंच सांगणार का, सिग्नल दिसला नाही म्हणून?"

पंच आले. त्यांनी मला विचारलं, "लेन बंद होती?"

"बंद होती. पाटी समोर आहे."

"मग संपलं," ते म्हणाले. "मार्शलचा शब्द अखेरचा."

या सगळ्यात बारकी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघत होती. शर्यत जवळ आली की पोरांना वेळेची धाकधूक असतेच.

शिडीची आई नर्स आहे. रात्रपाळी करून पांढऱ्या गणवेशातच तडक आली होती, डोळे तांबारलेले. मला वाटलं, आता ही भांडणार. मी तोंडाशी उत्तरं तयार ठेवली होती. ती जवळ येऊन म्हणाली, "चूक तिचीच आहे हो. खाली एखादं पोर असतं तर? आमच्याकडे अशी मान मोडलेली माणसं येतात, बघवत नाही. तुमच्यासारखं काटेकोर कुणीतरी इथे आहे म्हणून मी निर्धास्त कामावर जाते." आणि माझे आभार मानले.

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर बरं वाटलं नाही. पण वाईट वाटण्यासारखं मी काही केलेलं नाही.

शर्यतीत बारकी पहिली. वेळ एक मिनिट बारा सेकंद, जानेवारीपेक्षा अडीच सेकंदांनी जास्त. पदक गळ्यात घालायला गेलो तर म्हणाली, "पिशवीत टाका."

१० मार्च

सकाळी दात घासता घासता बारकीने विचारलं, "बाबा, तुमचं घड्याळ किती पुढे आहे?"

"पाच मिनिटं. तुला माहीत आहे की."

"हो. मला माहीत आहे."

चूळ भरली आणि गेली.

दुपारी बायको म्हणाली, "सात चाळीसलाच लेन बंद केलीत म्हणे तुम्ही."

"कोण म्हणे?"

"कुणी का म्हणेना. केलीत का?"

मी तिला विचारलं, मी घरात पोरीसाठी राबतो की दुसऱ्यांच्या पोरींसाठी? आवाज जरा चढला. नंतर तिचा फोन चालू होता, नंबरच्या गॉगलची घाई करा म्हणून. मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत होती.

१८ मार्च

सरावाला जाताना बारकीला शिंक आली. रुमाल शोधायला तिने डॅशबोर्डचा कप्पा उघडला. गाडीचे कागद उचलले. मग खालचं पान उलगडल्याचा आवाज आला.

मी रस्त्याकडे बघत होतो. चालवताना रस्त्याकडेच बघायचं असतं.

तिने कागद होते तसे ठेवले आणि कप्पा बंद केला. मला वाटलं, रडेल, ओरडेल. काही नाही. तलाव आल्यावर म्हणाली, "सोडल्याबद्दल थँक्यू, बाबा." असं कधी म्हणत नाही ती.

२३ मार्च

वही स्टिअरिंगवर धरली आहे, अक्षर वाकडं येईल. दुसरी निवड स्पर्धा आटोपली. तलावाच्या बाहेर गाडीत बसून लिहितोय. बारकी आणि तिची आई रिक्षाने गेल्या.

आज मी ठरवून सगळं चोख केलं. माझं घड्याळ खिशात टाकलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले तेव्हा तीन शिट्ट्या दिल्या, पार पलीकडच्या काठाला ऐकू जातील अशा, आणि पाटी फिरवली. शिडीच्या डोळ्यांवर नवा गॉगल होता. तिने पाटी वाचली, मान डोलावली आणि बाजूला झाली. सगळ्या पोरी बाजूला झाल्या.

बारकी ब्लॉकवर चढली.

मला वाटलं, टोपी नीट करतेय. तिने आधी खाली पाण्यात बघितलं, डावीकडे, उजवीकडे, पुढे. कुणी नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्यापासून तीन पावलांवर, शिट्टी दातांत. पाटी आम्हा दोघांच्या मधे होती. तिने पाटी वाचली, मी तिचे ओठ हलताना पाहिले, आणि सूर मारला. इतका सुंदर सूर तिने आजवर मारलेला नाही. पाणी जेमतेम उडालं.

माझ्या छातीत श्वास होता, शिट्टी तोंडात होती. वाजवली नाही.

ती पलीकडे बाहेर पडली, काठाने चालत माझ्यापाशी आली. अंगावरून पाणी गळत होतं.

"बाबा, शिट्टी?"

"जा, अंग पूस. सर्दी होईल."

"लेन बंद होती."

"बारकी, तमाशा नको. जा."

ती गेली, पण टॉवेलाकडे नाही. सरळ पंचांच्या टेबलाकडे गेली. मी मागोमाग धावलो. ओल्या फरशीवर धावू नये, हे मीच पोरांना ओरडून सांगतो. ती पंचांना सांगत होती, "मी बंद लेनमध्ये उडी मारली. मार्शलनी बघितलंय. मला बाद करा."

टेबलाभोवती मॅडम होत्या, शिडी होती, तिची आई होती. पंचांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बघितलंत तुम्ही?"

एक जागा. एक वर्ष. पाचला उठलेल्या इतक्या सकाळी. मी म्हणालो, "नाही. माझं लक्ष नव्हतं."

शिडीच्या आईने माझ्या जॅकेटकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला माझ्यापासून लांब नेलं, चिखलाच्या कडेने न्यावं तसं.

पंच म्हणाले, "मग मार्शलचा शब्द अखेरचा. पोरी, तू पोहू शकतेस."

बारकी मला म्हणाली, अगदी हळू, "एवढं सोपं होतं होय तुम्हाला."

शर्यतीला चौथ्या लेनच्या ब्लॉकवर ती उभी राहिली. पाचव्या लेनवर शिडी. सगळ्या वाकल्या, तीही वाकली. भोंगा वाजला. सात पोरी पाण्यात गेल्या आणि आमची बारकी वाकलेलीच राहिली. मग हळूहळू सरळ झाली. मी ओरडलो, "उडी मार! अगं, मार!" त्या आवाजाने गॅलरीतले लोक माझ्याकडे बघायला लागले. ती ब्लॉकच्या मागच्या पायरीने खाली उतरली, एकेक पाय सांभाळून, आणि शर्यत संपेपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली. शिडी आली तेव्हा तिला बाहेर यायला हात दिला.

शिडीची वेळ एक मिनिट आठ सेकंद.

मी विचार करतोय. भोंगा चौथ्या लेनपासून तसा लांबच असतो. कानात पाणी गेलेलं असणार. सूर मारून कान दुखावतात, मी वाचलंय कुठेतरी. तिला ऐकूच आलं नाही.

२६ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र लावून अर्धा तास तपासलं त्यांनी. म्हणाले, "कान उत्तम आहेत. शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकू येईल हिला."

"मग भोंगा का ऐकू आला नाही?"

डॉक्टरांनी तिलाच विचारलं. बारकी म्हणाली, "आला होता."

डॉक्टर माझ्याकडे बघत बसले. वयाने लहान आहेत, अनुभव नसावा. दुसऱ्या एखाद्याला दाखवीन.

घरी आलो तर मुख्य पंचांचा निरोप होता. पुढच्या स्पर्धेसाठी पुरेसे मार्शल आहेत, जॅकेट आणि शिट्टी मॅडमकडे जमा करावी. पाटीचं काही म्हटलेलं नाही. आज दुपारी गॅरेजमध्ये बसून तिची एक बाजू लाल रंगवली. साय बाजूला केली तर खाली रंग चांगला होता.

२ एप्रिल

शिडीची निवड झाली. बायकोने मीठ वाढावं तशी बातमी वाढली.

डॅशबोर्डच्या कप्प्यात पत्र नाही. कधी नेलं कळलं नाही. रविवारी तलावाबाहेर गाडी उभी करून जाळीतून बघितलं तर बारकी उथळ पाण्यात त्या पिवळ्या टोपीला एका हाताने बटरफ्लाय शिकवत होती. छोटीचा दात अजून तसाच आहे, अर्धा. हसताना दिसतो. स्पर्धेत उतरणार नाही असं बारकीने मॅडमना लिहून दिलंय. मला नाही सांगितलं, मॅडमनी सांगितलं.

घरात मात्र तिला चांगली शिस्त लागली आहे. पूर्वी आमच्या अरुंद पॅसेजमध्ये ती माझ्यावर सारखी आदळायची. "बाबा, सरका की," म्हणून पोटाला ढकलायची, मी मुद्दाम सरकायचो नाही, मग ती काखेखालून निसटायची. आता तसलं काही नाही. मी समोरून आलो की ती भिंतीच्या कडेला होते, कोपऱ्यात थांबते, मी जाईपर्यंत मान खाली. धक्का नाही, शब्द नाही. मला ती 'तुम्ही' पहिल्यापासूनच म्हणते, पण आता त्यातून परकं माणूस बोलतं.

मला हे आवडत नाही. मला ती माझ्यावर आदळायला हवी आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण वही माझी आहे.

आज सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली आणि तिला पॅसेजमधून पुढच्या खोलीत जायचं होतं. मी पुढे होतो. मी मधोमध थांबलो, पाठमोरा. पुढे जायचं असेल तर पुढच्याच्या पायाला हलकं बोट लावायचं, नियम आहे. मी चपलेतून टाच थोडी बाहेर काढून ठेवली. मागे तिचा श्वास ऐकू येत होता. केसांतून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते, तेही ऐकू येत होते. मी घड्याळ बघत उभा राहिलो. माझे सात चाळीस झाले, मग पंचेचाळीस. पाच मिनिटं.

मग मागे तिच्या खोलीचं दार हळूच लागलं.

मी आणखी थोडा वेळ तसाच थांबलो. खाली आलो तेव्हा ते रिटायर मास्तर कोपऱ्यावर छत्रीला टेकून माझी वाट बघत उभे होते. आज पहिल्यांदा मला उशीर झाला.